कॅमेऱ्याआधी वेळेचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी लिहून मागितलं म्हणून इथे देत आहोत.)



गेल्या काही महिन्यांत गटांच्या ठरावांच्या वह्या बघताना एक नवीन ओळ दिसायला लागली आहे. "सदस्याला कॅमेरा घेण्यासाठी अंतर्गत कर्ज." शेळी, शिलाई मशीन, मिरची कांडप यांचे ठराव आपल्याला पाठ आहेत. शेळीला किती कर्ज द्यायचं, ती कधी विणार, हप्ता कधीपासून सुरू करायचा हे झोपेतून उठवलं तरी तुम्ही सांगाल. कॅमेऱ्याचं मात्र कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, तूच बोल.

तर आधी हे सांगते की धंदा चांगला आहे. आणि आपल्या गावात बाई फोटोग्राफरला काम आहे, याबद्दल मला शंका नाही. डोहाळजेवण, बारसं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं, लेकरांची बोरन्हाणं, लग्नात नवरीला हळद लावतानाचा कार्यक्रम, बांगड्या भरणं हे सगळं बायकांचं. तिथे तालुक्याहून पोरगा कॅमेरा घेऊन येतो, तेव्हा सगळ्याजणी पदर सावरून पुतळ्यासारख्या बसतात. त्याचा दोष नाही, तोही बिचारा अवघडलेला असतो. पण आपल्यातलीच एखादी फोटो काढत असली की बायका हसतात, उखाणा घेताना लाजतात, आजी नातसुनेच्या कानात काहीतरी सांगते. ते फोटो बाईलाच मिळतात.

आता अडचण कुठे आहे ते सांगते. ठराव मांडणाऱ्या ताया बहुतेक आधीच दोन कामं करणाऱ्या आहेत. कुणी अंगणवाडीत मदतनीस, कुणी आशा, कुणी आपल्याच गटांची सीआरपी, कुणी शाळेत खिचडी शिजवते, कुणी कंपनीत पाळीला जाते. शिवाय घर, जनावरं, शेत. त्यांना मी विचारते, "ताई, फोटोग्राफीला वेळ कधी देणार?" आणि दहातल्या नऊ जणींचं उत्तर एकच असतं. "रात्री सगळे झोपल्यावर करीन की."

हे उत्तर मी मान्य करत नाही. वयानं तुमच्या लेकीएवढी असले तरी या बाबतीत तुमच्याशी वाद घालते. पहाटे पाचला उठणारी बाई रात्री बारापर्यंत मोबाइलवर फोटो निवडत बसली, तर धंदा वर्षभर चालेल आणि मग तीच आजारी पडेल. आपण भांडवल म्हटलं की पैसाच मोजतो. तुमची झोपसुद्धा भांडवल आहे, आणि तिचा हप्ता कुठल्याच वहीत दिसत नाही.

आपल्याच प्रभागातल्या एका ताईचं उदाहरण देते. नाव नको म्हणाली आहे, म्हणून देत नाही. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा ट्रॅक्टरवर, दोन मुलं, सासूबाई, चार शेळ्या आणि एक म्हैस. तिनं काय केलं? भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. ज्या चौकटीत आपण दुधाचे खाडे मांडतो, तिथे पंधरा दिवस रोज लिहिलं, मोकळी कधी होते. निघालं असं, की रोज दुपारी साडेतीन ते साडेपाच आणि रविवारी सकाळी तीन तास. बाकी सगळा दिवस भरलेला. गटाची सभा शुक्रवारी, म्हणजे ती दुपारही गेली.

मग तिनं उलटा विचार केला. साडेतीन ते साडेपाचमध्ये कोणते फोटो निघतात? डोहाळजेवण बहुधा चारनंतर असतं. बारसं संध्याकाळी. हळदीकुंकूही संध्याकाळचं. आणि पासपोर्ट फोटो तर कधीही. त्यात साडेचारचा उजेड म्हणजे फुकटचा दिवा. भर दुपारी उन्हात फोटो काढला की डोळ्यांखाली काळं पडतं, नाक चमकतं. उतरत्या उन्हात, घराच्या सावलीच्या बाजूला उभं केलं की चेहरा एकसारखा उजळतो. आणि लग्न? पूर्ण दिवसाचं लग्न तिनं पहिल्या वर्षी घेतलंच नाही. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला सांगून आली, "हळदीच्या संध्याकाळी नवरीकडचे फोटो मी काढून देते, बाकी लग्न तुम्ही बघा." त्यालाही बाई हवीच होती.

म्हणजे तिनं कॅमेरा बघून धंदा ठरवला नाही. मोकळे तास बघून ठरवला.

पण त्यात एक गोष्ट ती आधी विसरली होती, आणि ती सगळ्याच विसरतात. फोटो काढायला लागतात दोन-तीन तास. त्यानंतरच्या कामाला त्याहून जास्त लागतात. तीनशे फोटोंतून साठ निवडायचे, डोळे मिटलेले काढून टाकायचे, उजेड कमी-जास्त करायचा, प्रिंटला तालुक्याला जायचं, अल्बम लावायचा, पैसे मागायला दोनदा फोन करायचा. तिनं एका डोहाळजेवणाचे तास लिहून ठेवले. तीन तास कार्यक्रम आणि चार तास मागचं काम. आपल्या गावात दर सांगताना बाया तीन तासांचे पैसे सांगतात आणि सात तासांचं काम करतात.

ते चार तास आणायचे कुठून, यावर तिच्या घरी खरी बोलणी झाली. कालनिर्णय सगळ्यांसमोर ठेवून. सुरुवातीला नवरा म्हणाला, "मोबाइल घेऊन बसणं हे काय काम आहे का?" तिनं पहिल्या कार्यक्रमाचे पैसे आणि मुलाच्या वह्या-दप्तराची पावती शेजारी शेजारी ठेवली. शेवटी ठरलं ते असं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी म्हशीची धार आणि शेळ्यांचं नवऱ्याकडे, भाकरी सासूबाईंकडे, ती दीड-दीड तास फोटोंचं काम करणार. उरलेला तास रविवारी. नवऱ्यानं भांडी काही घासली नाहीत, खोटं कशाला सांगू. पण जनावरांचं अंगावर घेतलं आणि ते आजतागायत करतो. सासूबाई तर आता फोटो निवडायला शेजारी बसतात. कुणाच्या सासूबाई मध्यभागी हव्यात हे त्यांना बरोबर कळतं!

सगळ्यांच्या घरी असं जमेल असं नाही. काही घरांत बाईनं संध्याकाळी बाहेर जाण्यावरूनच भांडण होतं. अशा ताईंनी बाहेरच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करू नये. घरच्या ओसरीवर पासपोर्ट फोटो काढा. तिथे गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, लेकरं डोळ्यांसमोर असतात आणि घरच्यांना पैसे येताना दिसतात.

पासपोर्ट फोटोला काही जणी हलकं समजतात. माझं मत उलटं आहे. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, वर्षभर शिष्यवृत्त्या, बँकेची खाती, भरतीचे अर्ज. आपल्या वाडीवरून एका फोटोसाठी माणूस एसटीचं भाडं घालून तालुक्याला जातो. त्याचा अर्धा दिवस मोडतो. नेहमीचा फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ बसतात. मागे पांढरी चादर, पण भिंतीपासून दोन-तीन हात पुढे उभं करा म्हणजे मागे सावली पडत नाही. चादर इस्त्रीची हवी. चुरगळलेली चादर फोटोत लपत नाही. ऑनलाइन अर्जाला फोटो ठरावीक वजनाचा लागतो. बँकांच्या भरतीत साधारण 20 ते 50 केबी मागतात आणि सही 10 ते 20 केबी. हे करून मोबाइलवर पाठवलं की पोरं आपणहून चार मित्रांना घेऊन येतात. प्रिंटर आधी घेऊ नका. महिनाभर तालुक्यातून प्रिंट आणा, किती कागद लागले ते लिहा, मग प्रिंटरचं बघू.

आता कर्जाचं. गटाच्या सचिव आणि कोषाध्यक्ष तायांनी हे वहीत उतरवून घ्या. आकडे मी उदाहरणासाठी धरते आहे, तुमच्या गावचा दर घालून पुन्हा मांडा. समजा 40,000 रुपयांचा कॅमेरा, 20 महिन्यांची परतफेड, व्याज महिन्याला शेकडा दीड रुपया. मुद्दल 2,000 आणि पहिल्या महिन्याचं व्याज 600, म्हणजे हप्ता 2,600. समजा एका कार्यक्रमाचे 1,200 मिळाले आणि प्रवास-प्रिंटला 300 गेले. हातात राहिले 900. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला तीन कार्यक्रम हवेत. तीन कार्यक्रम म्हणजे एकवीस तासांचं काम. आणि आषाढ ते आश्विन लग्नं नसतात, तेव्हा हप्ता कशातून? मानधनातून. म्हणजे घरातल्या किराण्यातून.

म्हणून माझं सांगणं आहे की पहिले सहा महिने हातात आहे त्या मोबाइलवर काढा. आजचे मोबाइल पासपोर्टला, बारशाला, हळदीकुंकवाला पुरतात. काच पदरानं नको, चष्म्याच्या मऊ कापडानं पुसा. निम्मे धुरकट फोटो हाताच्या तेलामुळे येतात. एक तिपाई घ्या, एक थर्माकोलचा पांढरा पत्रा घ्या. तो चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला धरला की उजेड उलटून चेहऱ्यावर येतो. सहा महिन्यांत किती कामं आली, किती परत पाठवावी लागली हे लिहा. रात्रीची हळद अंधुक येते म्हणून कामं हातची जायला लागली, तर मग कॅमेऱ्याचा ठराव आणा. तेव्हा गटही डोळे झाकून देणार नाही आणि अडवणारही नाही. जुना कॅमेरा घेणार असाल तर जाणकाराला सोबत न्या आणि बिल मागा. गटाबाहेरून पैसा हवा असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. बँक सखीला विचारा, कागद तिला माहीत आहेत.

आणि शिकायचं असेल तर यूट्यूबवर सगळं आहे असं पोरं सांगतात, ते खरंही आहे, पण हातात कॅमेरा धरून कुणी दुरुस्त केल्याशिवाय हात बसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आरसेटी आहे, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. अग्रणी बँक ती चालवते. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणं तिथेच. फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफीचा साधारण महिन्याचा कोर्स त्यांच्या यादीत आहे. बॅच कधी लागते आणि वयाची अट काय, हे आधी विचारावं लागतं. नोकरी असणाऱ्या तायांना महिनाभर सुट्टी मिळणं कठीण, हे मला ठाऊक आहे. त्याचं शेवटी बोलते.

नोकरीवरून आठवलं. पक्क्या सरकारी नोकरीत असाल तर परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही, तसा नियम आहे. मानधनावरच्या तायांनीही आपल्या पर्यवेक्षिका मॅडमला सांगून ठेवावं. लपवण्यासारखं यात काही नाही. पण अंगणवाडीच्या वेळेत फोटोला निघून जाणं चालणार नाही. आणि सीआरपी तायांना माझी खास विनंती. गटाच्या सभेत आपल्या फोटोची जाहिरात करू नका. तुम्ही कर्जाची शिफारस करता. तुमच्या हातात ज्यांची फाइल आहे त्या "नको" कसं म्हणतील?

नावाचं एक सांगायचं आहे. होमाई व्यारावाला हे नाव किती जणींनी ऐकलंय? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली नवसारीला जन्म, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. साडी नेसून, कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्या दिल्लीभर सायकलवर फिरायच्या. 1947 साली लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला, पुढे गांधीजींची अंत्ययात्रा निघाली, त्याचे फोटो त्यांनी काढलेत. त्यांची मोटार होती, तिच्या नंबरावरून त्यांनी स्वतःला "डालडा 13" असं टोपणनाव घेतलं होतं. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. बाईचं नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आज आपल्याकडे काय होतं? फोटो ताई काढते, बोर्डावर नाव पोराचं, फोन नंबर नवऱ्याचा, पैसे दिराच्या खात्यावर. मग दोन वर्षांनी बँकेत कर्ज मागायला गेलं की बँक विचारते, तुमचा व्यवहार दाखवा. दाखवायला काही नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून क्यूआर कोड स्वतःच्या खात्याचा लावा. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. कुणी पाचशे-हजार मागितले तर देऊ नका. दुकान टाकलं तर शॉप अ‍ॅक्टची, पण दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीची भीती काही जणी घेतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर त्याचं बघू, आणि तशी गेली तर पेढे घेऊन या.

दर ठरवताना आपली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे "घरचंच आहे". गावात सगळीच घरची. जाऊबाईच्या भाचीचं बारसं, शेजारणीच्या सुनेचं डोहाळजेवण. पैसे मागायला जीभ रेटत नाही. वर सांगितलेल्या ताईनं यावर चांगला तोडगा काढला. जवळच्यांचा एक मोठा फोटो फ्रेम करून आहेर म्हणून द्यायचा, बाकी कामाचा दर सगळ्यांना एकच. आणि इसार घेतल्याशिवाय तारीख लिहायची नाही. इसार कितीही असो, दोनशे असो, पण वहीत सही घेऊन. पहिल्यांदा लोक नाराज होतात. मंडपवाल्याला इसार देताना कुणी नाराज होत नाही, हे त्यांना हसत हसत सांगा.

आता जे सांगते ते जरा गंभीर आहे. आपल्यावर विश्वास ठेवून बायका मोकळ्या बसतात, डोक्यावरचा पदर ढळलेला असतो, लेकराला पाजत असतात, पोरी नाचत असतात. ते फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असतात. कायदा असा आहे की पैसे घेऊन, सांगितल्यावरून काढलेल्या फोटोवर, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा हक्क असतो. म्हणजे आपलं काम दाखवायचं म्हणून तो स्टेटसला लावायचा असला तरी आधी विचारायचं. ज्या पोरीचा फोटो आहे तिलाही विचारायचं, फक्त तिच्या बापाला नाही. मोबाइलला लॉक ठेवा. मेमरी कार्ड भाच्याच्या हातात "जरा कॉपी करून दे" म्हणून देऊ नका. एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत दुसरी जपून ठेवा, आणि पैसे चुकते झाल्यावर नको असलेले फोटो पुसून टाका. एखादीचा फोटो भलत्याच्या मोबाइलवर गेला, तर धंदा तर बसेलच, पण त्या पोरीचं कॉलेज बंद होईल. हे मी घाबरवायला सांगत नाही. अशा कारणानं घरी बसवलेल्या मुली आपण पाहिल्या आहेत.

कामाचा अजून एक झरा आपल्याच घरात आहे. गटांचे पापड, कुरडया, मसाले, घोंगड्या, गोधड्या. महालक्ष्मी सरसला जाताना किंवा उमेद मार्टवर माल टाकताना फोटो लागतात, आणि आपले फोटो बघून मला कधीकधी रडू येतं. मागे सायकल, खाली कोंबडी, मध्ये शेवयांचं पाकीट! अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी तर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पाठभूमीच लागते. पाकिटावरचं लेबल वाचता आलं पाहिजे, आणि एक फोटो हातात धरलेला हवा म्हणजे आकार कळतो. हे काम दुपारच्या मोकळ्या दोन तासांत, घरच्या ओसरीवर होतं. रात्री-बेरात्री यायचं-जायचं नाही. प्रभागसंघानं अशा कामाचा एक दर ठरवून आपल्याच ताईला ते द्यावं, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. चर्चा पुढच्या सभेत आहे.

मघाशी म्हटलं होतं, प्रशिक्षणाचं शेवटी बोलते. महिनाभर ज्यांना जमेल त्यांची नावं आरसेटीकडे पाठवू. ज्यांना नोकरीमुळे जमणार नाही अशा पाच-सात जणी झाल्या, तर रविवारी सकाळी इथेच, संघाच्या खोलीत शिकायची सोय करू. शिकवायला ती मदतनीस ताई तयार आहे. तिच्या वेळेचे पैसे मात्र द्यायचे आहेत, तिचा रविवार मोकळा नाही. नावं गटाच्या सचिवांकडे द्या. आणि नाव देताना कालनिर्णयाचं या महिन्याचं पान पंधरा दिवस भरून सोबत आणा.